अपुरे काम चारचौघांपुढे

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो महागाई, बोनस नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. आज मात्र आम्ही कलाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या कामाविषयी बोलणार आहोत. आणि तेही चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेल्या कामाविषयी नव्हे, तर अजून हातात असलेल्या, अपुऱ्या कामाविषयी. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. चित्रकलेत आमचा अधिकार शून्य. पण काम अर्धे असताना माणसाच्या मनाची काय अवस्था होते, आणि ते अर्धे काम चारचौघांपुढे ठेवायला किती धीर लागतो, हे आम्ही तीस वर्षे जवळून पाहत आलो आहोत. तेवढ्या बळावर हे धाडस करीत आहोत.

आरंभ अजिंठ्यापासून करू. काही वर्षांपूर्वी युनियनच्या सभासदांची सहल घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे अशी प्रसिद्ध लेणी पाहून झाली. चोविसाव्या लेण्यापाशी आलो तेव्हा वाट दाखवणारा म्हणाला, ‘हे अर्धवट आहे, पुढे चला.’ आमच्यातले दोन फिटर आणि एक जुना पाथरवट मात्र तेथेच थांबले. हा विहार पुरा होता तर अजिंठ्यातल्या मोठ्या विहारांत मोडला असता. पण पाचव्या शतकात काम थांबले ते थांबलेच. आत खांबांचे नुसते ओबडधोबड ठोकळे उभे आहेत, छिन्नीचे घाव उघडे पडले आहेत. काम छतापासून खाली कसे उतरत गेले, आधी लांबट बोळ खणून मधल्या भिंती मागाहून कशा फोडल्या, हे तेथे समजते. पाथरवटाने एका घावावर बोट ठेवून सांगितले, ‘हा माणूस डाव्या अंगाने उभा होता.’ सतराव्या लेण्यातली चित्रे पाहून आम्ही सारे थक्क झालो होतो. परंतु ती करणारा माणूस आम्हाला भेटला तो चोविसाव्या लेण्यात. पुऱ्या झालेल्या कामात कामगार झाकला जातो. अपुऱ्या कामात तो दिसतो. आज जे सांगायचे आहे, त्याचे बीज एवढेच.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. आपल्याकडे कलाशाळा जुन्या आहेत. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा 1857 सालची. पण तेथे बराच काळ पदविका मिळे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, 1950 साली, ललितकलांची विद्याशाखा निघाली आणि चित्र-शिल्पाचे शिक्षण विद्यापीठाच्या पदवीपर्यंत गेले. चित्रकला विभागात ना. श्री. बेंद्रे होते. हाताने काम करणाऱ्याने कलेचा इतिहासही शिकावा, आणि इतिहास शिकणाऱ्याने काम कसे होते ते जवळून पाहावे, असा हा विचार होता. आज पदवीचा अभ्यास बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा असतो. शेवटच्या टप्प्यात विद्यार्थ्याला स्वतःचा एक विषय घ्यावा लागतो. चित्रकार किंवा शिल्पकार होऊ पाहणारा कामांची एक मालिका उभी करतो. कलेचा इतिहास शिकणारा एखादा प्रश्न घेऊन प्रबंध लिहितो. आणि हे काम चालू असतानाच, परीक्षेच्या पुष्कळ आधी, ते शिक्षकांपुढे आणि सोबत्यांपुढे मांडावे लागते. त्या बैठकीला ही मुले ‘क्रिट’ म्हणतात. आपण तिला चालू कामाची बैठक म्हणू.

अशा एका बैठकीला आम्ही गेलो होतो. युनियनमधल्या एका टर्नरची मुलगी एका कलाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. बाहेरचा एखादा श्रोता आणायची त्या दिवशी मुभा होती. तिने आम्हाला नेले. लांबट खोली, भिंतीला टेकवलेली चित्रे, जमिनीवर रंगाचे डाग, पंचवीसेक मुले आणि तीन शिक्षक. प्रत्येकाला दहा मिनिटे बोलायला आणि त्यानंतर पंधरा मिनिटे ऐकायला. बोलण्यापेक्षा ऐकण्याचा वेळ जास्त, ही गोष्ट आम्ही तेव्हाच मनात टिपून ठेवली. आमच्या सभांत प्रमाण नेमके उलटे असते.

पहिला मुलगा उठला तो क्षमा मागतच. ‘अजून झालेले नाही, रंग कच्चे आहेत, पार्श्वभूमी राहिली आहे.’ त्याचे चित्र माणसापेक्षा उंच होते. लेथवर काम करणारा एक कामगार, मागे कारखान्याचा काळोख, आणि कामगाराच्या अंगात लांब बाह्यांचा सैल सदरा. त्या बाहीच्या चुण्या त्याने फार मन लावून काढल्या होत्या. बाकीचे चित्र अजून कोळशाच्या रेघांतच होते. आम्हाला विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, ‘फार छान आहे.’ मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘काका, छान म्हणू नका. बघताना तुमची नजर कुठे अडली, ते सांगा.’

नजर बाहीवर अडली होती. लेथवर सैल बाही घालून कोणी उभा राहत नाही. फिरत्या चकने कापडाचे टोक पकडले की तो कापड सोडीत नाही, आणि पाठोपाठ हात जातो. याच कारणाने लेथवर हातमोजेही घालायचे नसतात. आमच्या एका मित्राचा उजवा हात कोपरापासून असाच गेला. त्या दिवशी पाळी संपायला वीस मिनिटे उरली होती. आम्ही हे सांगितले आणि खोली गप्प झाली. एक शिक्षिका म्हणाल्या, ‘म्हणजे ही चूक आहे, दुरुस्त कर, असे नव्हे. बाही ठेवायची की काढायची हे तू ठरव. मात्र आता तुला कळले आहे.’ मुलगा बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘बाही ठेवीन. पण आतापर्यंत ती सुंदर दिसते म्हणून होती. आता ती तशी राहणार नाही.’

चित्र पुरे होऊन प्रदर्शनात लागले असते, आणि आमच्यासारखा कोणी त्यापुढे उभा राहिला असता, तर त्याने मनातल्या मनात ‘याला काही ठाऊक नाही’ म्हटले असते आणि पुढची वाट धरली असती. मुलाला ते कधीच कळले नसते. बाही जागेवर असताना, रंग ओला असताना हे बोलणे झाले, म्हणून ते उपयोगी पडले.

हे आमच्या इतके जिव्हारी का लागले, तेही सांगून टाकतो. 1998 साली एका इंजिनिअरिंग कारखान्यात करार संपला आणि नवे मागणीपत्रक करायचे काम आमच्याकडे आले. आम्ही चौघांनी तीन रात्री जागून ते लिहिले. आकडे तपासले, भाषा घासूनपुसून लख्ख केली, टंकलिखित प्रत दारसभेत वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. करार झाला, पगार वाढला, पेढे वाटले गेले. महिन्याभराने ध्यानात आले की दुसऱ्या पाळीच्या माणसांचा प्रश्न त्यात आलाच नव्हता. ती पाळी रात्री साडेबाराला सुटे. शेवटची बस त्याआधीच गेलेली असे. कराराची मुदत तीन वर्षांची. तीन वर्षे ती माणसे अपरात्री पायी घरी गेली. त्यांतल्या एकाला आम्ही विचारले, ‘अरे, सभेत बोलला का नाहीस?’ तो म्हणाला, ‘भाऊ, कागद कच्चा असताना दाखवला असता तर बोललो असतो. पक्क्या कागदापुढे काय बोलणार?’

त्या वाक्याने आमची कामाची रीतच बदलली. पक्क्या कागदापुढे माणूस एक तर टाळी वाजवतो नाहीतर गप्प बसतो. कच्च्या कागदावर मात्र तो बोट ठेवतो. त्या कलाविद्यालयातली विशीतली मुले हे शहाणपण तिसऱ्या-चौथ्या वर्षी शिकत होती; आम्हाला ते शिकायला दुसऱ्यांची पायपीट खर्ची पडली.

चित्रकाराचे अपुरे काम डोळ्यांना दिसते. कलेच्या इतिहासाचे तसे नाही. तेथे अपुरे काय असते? अपुरा असतो तो प्रश्न. हे आम्हाला उमगले ते आमच्या टर्नरच्या मुलीमुळे. तिचा विषय होता अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला. सर ज. जी. कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स 1872 सालापासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करवून घेत. हे काम 1885 पर्यंत चालले. पुढे चित्रकार म्हणून नाव मिळवलेले पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकीच. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ 1896-97 साली लंडनला निघाला. त्यांच्याही आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे बसून नकला केल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या काही नकलाही 1885 च्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत गेल्या.

तिचे म्हणणे असे होते: मूळ चित्रे झिजत, पडत चालली आहेत, तेव्हा या नकला म्हणजे अजिंठ्याचा विश्वासू पुरावा होय. तिने पडद्यावर एका बाजूला नक्कल आणि दुसऱ्या बाजूला मूळ भिंतीचे छायाचित्र ठेवले. दोन चित्रे शेजारी-शेजारी ठेवून बोलायची ही पद्धत रुळवण्यात हाइनरिश व्योल्फलिन या स्विस पंडिताचा मोठा वाटा आहे. तिच्या दहा मिनिटांनंतर एका सोबत्याने विचारले, ‘या दोहोंत फरक दिसतो तो काळाने पडलेला की नकलकाराच्या हाताने पडलेला, हे तू कशावरून ठरवतेस?’ मुलगी म्हणाली, ‘ते मला अजून ठरवता आलेले नाही.’ दुसऱ्याने विचारले, ‘नक्कल करताना भिंतीचे काय झाले?’ यावर तिच्याजवळ माहिती होती, पण तिने ती टिपणवहीच्या मागच्या पानावर टाकून दिली होती. पुसट झालेले चित्र नीट दिसावे म्हणून भिंतींवर वार्निश चढवले गेले होते, आणि तेच पुढे काळवंडले. निजाम सरकारने 1920 नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलावून भिंती साफ करवल्या. म्हणजे ज्या हातांनी पुरावा तयार केला, त्यांनीच मूळ वस्तूला इजाही केली!

शिक्षक म्हणाले, ‘तुझा विषय मागच्या पानावर आहे.’ तिचा चेहरा उतरला. चार महिन्यांची मांडणी हलली होती. पण परत येताना गाडीत ती म्हणाली, ‘काका, हे परीक्षकांनी शेवटी विचारले असते तर मी मेले असते. आता मला अजून पाच महिने आहेत.’ अपुऱ्या कामाच्या मांडणीचे सारे मर्म या दोन वाक्यांत आले. चूक एकच, पण ती आज सापडली तर ते शिक्षण, आणि उद्या सापडली तर तो निकाल.

आता अशी मांडणी करावी कशी? त्या दिवशी जे पाहिले त्यावरून आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. पहिली, क्षमा मागत सुरुवात करू नये. काम अपुरे आहे हे सर्वांना ठाऊकच असते; त्यासाठीच तर बैठक आहे. दुसरी, झालेल्या कामाची यादी थोडक्यात उरकून अडले कुठे ते मोकळेपणी सांगावे. ‘उजवा कोपरा मला सुटत नाही’, ‘हा काळ ठरवता येत नाही’ असे बोट ठेवून सांगितले की ऐकणाऱ्याला धरायला जागा मिळते. गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही. तिसरी, कच्ची सामग्री सोबत ठेवावी. चित्रकाराने चुकलेली रेखाटने, टाकून दिलेले आराखडे आणावेत. इतिहास शिकणाऱ्याने जे पाहिले, जे दुसऱ्याकडून घेतले आणि जे नुसते अनुमान आहे, ते वेगवेगळे करून दाखवावे. पुष्कळदा खरा विषय मागच्या पानावरच पडलेला असतो.

आणखी एक गोष्ट भाषेची. त्या बैठकीत खेड्यातून आलेला एक मुलगा इंग्रजीत बोलायचा प्रयत्न करीत होता. शब्द अडत होते, आणि चित्राविषयी काही कळत नव्हते. मधेच तो मराठीत शिरला तेव्हा मातीचा रंग, नांगरलेल्या जमिनीची ढेकळे, सारे बोलू लागले. आम्ही इंग्रजी वाचायला शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन, त्यामुळे त्या भाषेशी आमचे वैर नाही. पण अडचण सांगायची असेल तर ती माणसाने ज्या भाषेत भोगली त्याच भाषेत सांगावी. नाहीतर बैठकीपुढे अडचण येतच नाही, येते ती नुसती शब्दांची धडपड.

आता ऐकणाऱ्यांचे कर्तव्य; आणि आपण सारे श्रोतेच असल्यामुळे हा भाग आपला आहे. आधी काय दिसते ते सांगावे, मग काय वाटते ते. ‘छान’ आणि ‘टाकाऊ’ हे दोन्ही शब्द घरी ठेवून यावेत. दोहोंनीही करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे, दुसऱ्याचे काम आपण करायला घेऊ नये. याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. 26 एप्रिल 1937 रोजी स्पेनमधील गेर्निका या गावावर बाँबवर्षाव झाला. पाब्लो पिकासो याने मे महिन्यात त्यावर चित्र सुरू केले आणि जूनच्या आरंभी ते पुरे केले. सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब असे हे चित्र. ते चालू असताना डोरा मार या छायाचित्रकर्तीने त्याच्या एकेका अवस्थेची छायाचित्रे घेतली, म्हणून ते कसकसे बदलत गेले हे आज आपण पाहू शकतो. आरंभीच्या अवस्थेत खाली पडलेल्या योद्ध्याचा एक हात सरळ वर गेलेला आहे, आणि त्याची मूठ वळलेली आहे. पुढे तो हात नाहीसा झाला.

आम्ही त्या चित्रशाळेत असतो तर काय केले असते? आमच्या झेंड्याखाली वाढलेल्या कोणीही मूठ ठेवण्याच्या बाजूनेच हात वर केला असता, आणि ठराव एकमताने मंजूर झाला असता! परंतु पुऱ्या झालेल्या चित्रात ती मूठ नाही. आहे ते मेलेले मूल घेऊन आक्रंदणारी आई, तडफडणारा घोडा आणि तुटलेली तलवार हाती असलेला पडलेला योद्धा. ज्यांनी कधी मूठ वळली नाही त्यांनाही ते चित्र आपले वाटते. तेव्हा श्रोत्याने बोलावे जरूर, पण निवाडा करणाऱ्याचा हात ज्याचा त्याच्याकडेच राहू द्यावा. त्या शिक्षिकेने मुलाला ‘तू ठरव’ म्हटले, त्याचा अर्थ हाच.

शेवटी एका गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधणे भाग आहे. अपुरे काम उघडे ठेवायचे तर खोलीला दार लागते. आमच्या कार्यकारिणीत एखादा सभासद कच्ची कल्पना मांडतो तेव्हा ती दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाच्या टेबलावर जाणार नाही, असा त्याचा विश्वास असतो. तो तुटला की माणसे तयार ठरावच घेऊन येतात. बडोद्याच्या त्याच ललितकला विद्याशाखेत मे 2007 मध्ये विद्यार्थ्यांचे काम परीक्षेसाठी मांडलेले असताना बाहेरची मंडळी आत आली, धर्मभावना दुखावल्याची तक्रार झाली आणि एका विद्यार्थ्याला अटक झाली. निषेध म्हणून विद्यार्थ्यांनी कलेच्या इतिहासाच्या विभागातील संग्रहातून जुन्या भारतीय कलेच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले. ते बंद करायला नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले. त्या चित्रांविषयी कोणाचे काय मत असायचे ते असो. परीक्षकांपुढे ठेवलेली वही म्हणजे चौकात लावलेला फलक नव्हे, एवढा विवेक समाजाला असला पाहिजे. तो नसेल तर मुले चुका करायचे सोडणार नाहीत, त्या दाखवायचे मात्र सोडतील. मग शिकायचे काय आणि शिकवायचे काय?

दार असावे, पण ते आतून उघडता यावे. चाव्या असाव्यात त्या मुलांच्या आणि शिक्षकांच्या हाती. त्यांनी बोलावले तर आपण गावकऱ्यांनी अवश्य जावे. आपल्यात कोणी सुतार असेल, कोणी परिचारिका, कोणी वीणकर, कोणी शेतकरी. चित्रातली खुर्ची नीट उभी राहील का, आजाऱ्याला असा हात देतात का, हे प्राध्यापकांपेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक आहे. तेवढे सांगावे, आणि उरलेल्या वेळी ऐकावे.

तो लेथवाला मुलगा अलीकडे आमच्या कचेरीत आला होता. हात गेलेल्या आमच्या त्या मित्राला भेटायचे आहे, म्हणाला. चित्र पुरे झाले का, असे आम्ही विचारले. ‘अजून नाही,’ तो म्हणाला. आणि या वेळी त्याने क्षमा मागितली नाही.